इंजिन बदललेली जीप घाटातच गरम होते: कारण कुठे शोधायचं

जुन्या सीजे-३बी जीपमध्ये किंवा तिच्या जातकुळीतल्या महिंद्रा जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं की सुरुवातीला सगळं छान वाटतं. गावात फिरते, शेतावर जाते, सपाट हायवेवर साठने धावते, तापमानाचा काटा मधोमध असतो. मग पहिला मोठा घाट येतो. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या वळणांना लागलं की काटा हळूहळू वर सरकतो, प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत लाल रेषेला टेकतो, आणि गाडी बाजूला घेतली की रेडिएटरच्या वरच्या टाकीतून (टॉप टँक) गुडगुड ऐकू येते. थंड होईपर्यंत थांबायचं, पाणी ओतायचं, पुढे जायचं. घरी आल्यावर रेडिएटर साफ करून घ्यायचा. पुढच्या घाटात पुन्हा तेच.

या दुखण्यावर बहुतेक जण पहिला खर्च मोठ्या रेडिएटरवर करतात. दुसरा खर्च जास्त पात्यांच्या फॅनवर, तिसरा इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडण्यावर. इतकं करून गाडी बरी झाली नाही की इंजिनलाच दोष देतात आणि विकून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण इंजिन बहुतेक वेळा निर्दोष असतं. कंपनीत ते इंजिन ज्या गाडीत बसलं होतं, तिथे त्याच्याभोवती फॅनचं काउल (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं फॅनभोवतीचं कडं) होतं, ठरावीक उंचीची टाकी होती, मापाचे होज होते, त्याच्या सेन्सरशी जुळणारा मीटर होता. आपण इंजिन तेवढं उचलून आणलं आणि बाकीचं तिथेच राहिलं. म्हणून शोध इंजिनाच्या पोटात नाही, इंजिन आणि जीप जिथे एकमेकांना भेटतात तिथे सुरू करावा.

घाटातच का? साधं गणित करून बघा. माणसं आणि सामान धरून १६०० किलोची जीप सपाटीवर ताशी ४० किलोमीटरने चालवायला चाकाशी साधारण ४ ते ५ किलोवॅट लागतात. तीच जीप त्याच वेगाने १५ ला १ अशा चढावर नेली तर लागणारी शक्ती १५ किलोवॅटच्या आसपास जाते. म्हणजे इंधन कितीतरी जास्त जळतं, आणि पाण्यात जाणारी उष्णताही त्याबरोबर वाढते. वेग मात्र तेवढाच, म्हणून समोरून येणारा वाराही तेवढाच. सपाटीवर ज्या गाडीची कूलिंग निम्म्या ताकदीने चालली तरी भागतं, तिचं खरं रूप घाटात दिसतं. त्यात मे महिना असेल तर आणखी अवघड. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर फरक ७५ चा. हवा ४५ अंशांवर गेली की ५० चा. तोच रेडिएटर एक तृतीयांश कमी काम करतो. डिसेंबरात कधी न तापलेली गाडी मेमध्ये तापली तर तिच्यात नवीन काही बिघडलेलं असेलच असं नाही.

कोणतं इंजिन बसवलं आहे, याने फरक पडतो. सीजे-३बीमध्ये मुळात २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं. त्याचा इनटेक व्हॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व ब्लॉकमध्ये असल्याने ते उंच होतं, म्हणून या जीपचं बॉनेट आधीच्या मॉडेलांपेक्षा उंच झालं. त्याच्या जागी आपल्याकडे सहसा दोन घराण्यांची इंजिनं येतात. एक प्यूजोचं: महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं २११२ सीसीचं एक्सडीपी आणि त्याचं मोठं भावंड, २४९८ सीसीचं एक्सडी३पी. दुसरं महिंद्राचं डीआय, २५२३ सीसीचं, ज्याचा १०१.६ मिलिमीटरचा स्ट्रोक थेट इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनातून आला आहे. प्यूजोची इंजिनं प्री-चेंबरवाली आहेत. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं, त्यामुळे बरीच जास्त उष्णता हेडच्या पाण्यात उतरते. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनवरच्या खड्ड्यात फवारलं जातं, पाण्याला तुलनेने कमी उष्णता मिळते. म्हणून शेजाऱ्याच्या डीआय जीपला पुरलेला रेडिएटर तुमच्या एक्सडी३पीला पुरेलच, असं धरून चालू नका.

आधी काटा खरा आहे का ते पाहा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून सगळे टाळतात. पण इंजिन बदललेल्या जीपमध्ये जुना मीटर आणि नव्या इंजिनाचा सेन्सर अशी जोडी फार वेळा दिसते. प्रत्येक मीटरला विशिष्ट रेझिस्टन्सचा सेन्सर लागतो. जोडी जुळली नाही तर ८५ अंशांना काटा लाल रेषेवर जाईल, किंवा उलट, ११० अंशांना मध्यावर आरामात बसेल. दुसरी शक्यता जास्त घातक आहे.

तपासणी घरी होते. सेन्सर काढा, तो मीटरच्या वायरला जोडलेलाच ठेवा, त्याच्या धातूच्या अंगाला चेसिसची अर्थ वायर द्या आणि उकळत्या पाण्यात त्याचं टोक बुडवा. मुंबईत ते पाणी १०० अंशांवर असेल, पुण्यात ९८ च्या आसपास. काटा कुठे थांबतो तिथे काचेवर खूण करा. आता तुम्हाला एक खरा आकडा माहीत झाला. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आणखी चांगलं. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) जिथे बसतो त्या हाउसिंगच्या काळ्या रंगवलेल्या भागावर धरा. चकाकत्या ॲल्युमिनियमवर तो खोटं वाचतो.

अर्थिंग हाही मोठा भाग. इंजिन रबर माउंटवर बसतं, आणि इंजिन ते चेसिस अशी जाड अर्थ पट्टी जोडायला बरेच फिटर विसरतात. मग करंट क्लच केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या तारेतून, मिळेल त्या वाटेने परत येतो आणि मीटर चुकतो. हेडलाइट लावल्यावर किंवा इलेक्ट्रिक फॅन सुरू झाल्यावर काटा टुणकन हलत असेल तर तो पाण्याचा नाही, अर्थिंगचा काटा आहे. पाण्याचं तापमान असं उडी मारत नाही. सेन्सरच्या आट्यांवर जाड टेफ्लॉन टेप गुंडाळल्यानेही हाच घोळ होतो. फार जुन्या, ६ व्होल्टच्या जीपला १२ व्होल्ट केलं असेल आणि मीटर तोच ठेवला असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवूच नका.

वारा कुठून जातो

काटा खरा ठरला की मग हवा. एक साधं निरीक्षण पुष्कळ सांगून जातं. गाडी ट्रॅफिकमध्ये किंवा खडकाळ वाटेवर लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या संथ गिअरमध्ये, हळू चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते? दोष हवेत आहे. हळू चालताना ठीक आणि ओढाताणीला, लांब चढावर तापते? मग पाणी, रेडिएटर किंवा डिझेल जळण्यातला दोष जास्त संभवतो. घाटात मात्र दोन्ही एकत्र येतात, म्हणून हवेची तपासणी वगळू नये.

इंजिन चालू करून आयडलवर ठेवा आणि ग्रिलच्या बाहेरून रेडिएटरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो स्वतःहून चिकटला पाहिजे. नंतर जाळीच्या चारही कोपऱ्यांवर छोटा तुकडा धरून बघा. बदललेल्या इंजिनाच्या जीपमध्ये नेहमी दिसणारं चित्र असं: मधे किंवा वरच्या बाजूला कागद घट्ट, खाली दोन्ही कोपऱ्यांत लटकलेला. कारण नव्या इंजिनाच्या फॅनचा मध्य रेडिएटरच्या मध्याशी जुळत नाही आणि काउल नाही. काउल नसलेला फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची, इंजिनाजवळची गरम हवाच गोल फिरवतो.

काउल करून घ्या. पत्र्याचं चालतं, फायबरचं चालतं, पण ते जाळीच्या चारही कडांना टेकलेलं हवं आणि फॅनची पाती त्याच्या गोल तोंडात साधारण निम्मी आत, निम्मी बाहेर असावीत. पाती पूर्ण आत गेली तर हवा बाहेर पडायला अडते, पूर्ण बाहेर असली तर काउलचा उपयोग नाही. पात्याचं टोक आणि काउल यांच्यात दोन-अडीच सेंटीमीटर जागा ठेवा, कारण इंजिन माउंटवर हलतं आणि खड्ड्यात पुढे झुकतं. फॅन जाळीपासून फार लांब असेल तर स्पेसर लावता येतो, पण स्पेसर जितका लांब तितका वॉटर पंपाच्या बेअरिंगवर भार जास्त. चार-पाच सेंटीमीटरच्या पुढे जाण्यापेक्षा रेडिएटरचा ब्रॅकेट मागे घेणं मला बरं वाटतं.

फॅन उलटा बसवलेला असणं हेही काही दुर्मीळ नाही. पात्यांचा वाकडा भाग चुकीच्या बाजूला आला तरी हवा त्याच दिशेने जाते, म्हणून लक्षात येत नाही, पण जाते निम्मीशिम्मी. इलेक्ट्रिक फॅनचं वेगळं: त्याच्या दोन वायरी उलट जोडल्या तर तो खरंच उलट फिरतो आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याशी भांडतो. कागदाची चाचणी दोन्ही पकडते.

आणि समोरचा पसारा काढा. विंच, फॉग लॅम्पांची रांग, बंपरवरची मोठी नंबरप्लेट, ग्रिलच्या आत लावलेली बारीक डासांची जाळी. एसी बसवला असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेला भुसा आणि गवताचं बी दिवा लावून बघा. ते बाहेरून दिसत नाही.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: टाकीची उंची

मी ज्या जीप बघतो त्यांत न सुटणाऱ्या गरमीचं सर्वांत मोठं कारण हे असतं, आणि यावर सर्वांत कमी बोललं जातं. पाण्याच्या सगळ्या वाटेत सर्वांत उंच जागा रेडिएटरचं झाकण असली पाहिजे. हवा वर जाते, झाकणापाशी जमते आणि बाहेर पडते. पण जीपचा जुना रेडिएटर तसाच ठेवून त्यामागे उंच डिझेल इंजिन बसवलं की थर्मोस्टॅट हाउसिंग टॉप टँकच्या वर जातं. आता सर्वांत उंच जागा हेडमध्ये आहे. पाणी भरताना रेडिएटर गळ्यापर्यंत भरतो, आपल्याला वाटतं झालं, पण हेडच्या वरच्या भागात हवेचा गोळा अडकलेला असतो. सपाटीवर तो तसाच राहतो. घाटात गाडीचं नाक वर जातं, पाणी मागे सरकतं, हवा पुढे सरकून थर्मोस्टॅटपाशी येते, थर्मोस्टॅटला पाण्याऐवजी वाफ लागते आणि तो नीट उघडत नाही. सेन्सरही हवेत उघडा पडतो, म्हणून काटा आधी खाली पडतो आणि मग एकदम वर उसळतो. काट्याची ही चाल दिसली की हवाच शोधा.

तपासायला गाडी सपाट जागी उभी करा आणि पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जसा लेव्हल काढतो तसा झाकणाचा आणि थर्मोस्टॅट हाउसिंगचा लेव्हल काढा. हाउसिंग वर असेल तर त्यावर तीन इलाज आहेत.

पक्का इलाज म्हणजे वेगळी हेडर टाकी. बल्कहेडवर (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावर), सगळ्यांत उंच जागी प्रेशर झाकणाची छोटी टाकी बसवा. तिच्या तळातून एक होज वॉटर पंपाच्या शोषण्याच्या बाजूला न्या. हेडच्या सर्वांत उंच जागेवरून आणि रेडिएटरच्या टॉप टँकवरून अशा दोन बारीक नळ्या टाकीच्या वरच्या भागात आणून सोडा. रेडिएटरचं जुनं झाकण काढून तिथे प्रेशरशिवायचं बंद झाकण लावा. यानंतर हवा कुठेही अडकली तरी तिला आपोआप वर यायची वाट मिळते. तांब्याची सहा मिलिमीटरची नळी आणि लेथवाल्याकडून आटे पाडून घेतलेला निपल एवढंच सामान लागतं. दुसरा इलाज रेडिएटर उंच करण्याचा. सीजे-३बीचं बॉनेट उंच असल्याने तिथे थोडी जागा मिळते, खालच्या बॉनेटच्या जीपमध्ये मिळत नाही. तिसरा तात्पुरता: पाणी भरताना पुढची चाकं उंच चढावर घ्या, थर्मोस्टॅट हाउसिंगवर एक छोटा बोल्ट बसवून घ्या आणि तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. पुढे कुठे थेंबभर गळती झाली की हवा परत शिरते, म्हणून याला मी इलाज म्हणत नाही, निदान म्हणतो. हवा काढल्यावर पुढचा घाट नीट गेला आणि नंतर परत त्रास सुरू झाला, तर हेडर टाकी बसवा.

थर्मोस्टॅट काढू नका

गाडी गरम झाली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं: "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकतो, पाणी मोकळं फिरेल." आपल्या उष्ण हवेत थर्मोस्टॅटची गरज नाही, हा समज खोलवर बसला आहे. तो चुकीचा आहे आणि त्यामुळे अनेक चांगली इंजिनं लवकर झिजली आहेत.

थर्मोस्टॅट बंद असताना पाणी बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरतं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात जातो. म्हणजे मोकळं फिरण्यासाठी काढला आणि पाणी चुकीच्या वाटेने मोकळं झालं. सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, पांढरा धूर, डिझेल जास्त, तेलात काजळी. आणि घाटात तरीही तापतं. तुमच्या जीपला हे दोन्ही एकत्र होत असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते आधी बघा.

चाचणी पातेल्यात होते. थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवून पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, पाणी तापवा, सोबत थर्मामीटर. अंगावर कोरलेल्या तापमानाला, समजा ८२ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि हवा जाण्याचं बारीक छिद्र वरच्या बाजूला. आणि चकतीची लांबी मूळ थर्मोस्टॅटएवढीच हवी. दिसायला सारखा, पण दोन-तीन मिलिमीटर आखूड थर्मोस्टॅट बायपास कधीच पूर्ण बंद करत नाही.

पाण्याची वाट

खालच्या होजकडे लक्ष द्या. तो पंपाच्या शोषण्याच्या बाजूला असतो. इंजिन गरम असताना दुसऱ्याला रेस द्यायला सांगून तो होज बघा. चपटा होत असेल तर जोराच्या वेळी, म्हणजे नेमकं घाटात, पाणी तुटतं. आत स्प्रिंग असलेला होज लावा. दोन वेगळ्या मापांचे होज मधे पाइपचा तुकडा घालून जोडलेले असतात तिथे त्या तुकड्याचा आतला व्यास मोजा. पाऊण इंचाचा तुकडा सगळ्या रेडिएटरची किंमत वाया घालवतो. सायलेन्सरचा पाइप होजला घासून जात असेल तर पत्र्याचा आडोसा द्या. आणि त्या पाइपचा व्यासही बघा: पेट्रोलच्या काळातला अरुंद सायलेन्सर डिझेलला जोडला असेल तर धूर कोंडतो आणि उष्णता हेडमध्ये राहते.

रेडिएटर तुंबला आहे की हवा कमी पडते, हे ओळखायला वरच्या आणि खालच्या होजचं तापमान चढावरून थांबल्या थांबल्या मोजा. फरक अगदीच थोडा आणि दोन्ही होज कढत, तर हवा उष्णता घेऊन जात नाही. फरक वीस अंशांच्या वर आणि खालचा होज बराच थंड, तर पाणीच हळू फिरतं आहे: तुंबलेली जाळी, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा थकलेला पंप. जाळीवर थर्मामीटर आडवा फिरवताना मधेच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्या बंद आहेत. रेडिएटरवाल्याकडे टाक्या उघडून रॉड मारून घ्या; नुसतं ॲसिड ओतून ते निघत नाही.

आपल्याकडे बोअरचं पाणी टाकण्याची सवय या सगळ्याचं मूळ आहे. मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या बोअरच्या जड पाण्याने घरातल्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो, तसाच तो इंजिनात सिलिंडरांभोवती बाहेरून धरतो. एक मिलिमीटरचा थरही उष्णता अडवायला पुरतो. वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिलेलं जुनं इंजिन आणलं असेल तर ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरपाशी, गंजाचा चिखल साचलेला असतोच. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेली पत्र्याची गोल बुचं काढून, तारेने खरवडून, उलट्या दिशेने पाण्याचा जोर देऊन तो काढावा लागतो. इंजिन बाहेर असतानाच हे करून घ्या, बसवल्यावर मागच्या बुचापर्यंत हात जात नाही. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि तिसरा ते निम्मा हिस्सा कूलंट. निम्म्या कूलंटचं मिश्रण उघड्यावरही साधारण १०७ अंशांपर्यंत उकळत नाही.

झाकणाचा प्रेशर हा याचाच पुढचा भाग. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. म्हणजे घाट चढता चढता तुमची उकळण्याची मर्यादा खाली येत असते, नेमकं इंजिन सर्वांत तापलेलं असताना. ०.९ बारचं चांगलं झाकण ही मर्यादा वीस अंशांच्या आसपास वर नेतं. सैल रबराचं झाकण काहीच नेत नाही. मात्र जुन्या पितळी रेडिएटरचे सांधे पूर्वी कमी प्रेशरसाठी जोडलेले असतात. जड झाकण लावण्याआधी तो रेडिएटरवाल्याकडे प्रेशरवर तपासून घ्या.

वॉटर पंपाबद्दल थोडक्यात: बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबावा, पुली इंजिनाच्या मूळ मापाची असावी, आणि पंप काढलाच तर आतलं चाक शाफ्टवर सैल नाही ना हे हाताने फिरवून बघा.

डिझेल आणि गिअर

चढावर मागे काळा धूर सोडणारी गाडी डिझेल पूर्ण न जाळता उष्णता वाढवते. बदललेल्या इंजिनात हे होतं, कारण कोणीतरी "पिकअप" साठी डिझेल पंपाचा स्क्रू वाढवलेला असतो. पंप आणि नोजल कॅलिब्रेट करून घ्या. पंपाचं टायमिंग उशिरावर असेल तर जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं, एक्झॉस्ट आणि हेड दोन्ही जास्त तापतात. इंजिन बसवताना टायमिंगच्या खुणा जुळवल्या होत्या का, हे फिटरला स्पष्ट विचारा.

गिअरचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सीजे-३बीच्या ॲक्सलचा रेशो ५.३८ आहे, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो. ६.००-१६ च्या टायरवर, टॉप गिअरमध्ये ताशी ६० ला इंजिन सुमारे २४०० फेऱ्यांवर असतं. ३२०० फेऱ्यांना गव्हर्नर (फेऱ्यांवर मर्यादा घालणारा भाग) लागणारं डीआय तिथे ऐंशीच्या आतच संपतं. म्हणून लोक लांब रेशोचे ॲक्सल टाकतात, मोठे टायर चढवतात आणि हायवेवर खूश होतात. पण घाटात तीच जीप तिसऱ्या गिअरमध्ये १३००-१४०० फेऱ्यांवर रखडत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चालवली जाते. डिझेल भरपूर, वॉटर पंप आणि फॅन हळू. याहून वाईट जोडी नाही. अशा वेळी एक गिअर खाली घेऊन २००० च्या वर इंजिन ठेवलं, वेग थोडा कमी केला, तर काटा डोळ्यांदेखत उतरतो. उतरला तर समजा की कूलिंगचं सामान ठीक आहे.

जॅक लावून चारही चाकं हातानेही फिरवून बघा. जुन्या ड्रम ब्रेकचं लायनिंग घासत असेल तर इंजिन त्यालाही ओढतं.

हेड गॅस्केट कधी धरायचं

सकाळी पूर्ण थंड गाडी सुरू करा. दोन-तीन मिनिटांत, पाणी अजून कोमट असतानाच, वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर पाण्यात सतत, न थांबणारे बुडबुडे येत राहिले, तर हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं गॅस्केट फुटून सिलिंडरमधलं कम्प्रेशन पाण्यात शिरतंय. हवेच्या गोळ्याचे बुडबुडे थोड्या वेळाने थांबतात, गॅस्केटचे थांबत नाहीत. ही खात्री झाल्याशिवाय हेड उघडू नका. उघडलंच तर हेड सरळ पट्टीवर तपासा, सिलिंडरचे लायनर (आतल्या नळ्या) थेट पाण्यात बसणारे असतील तर त्यांची बाहेरची बाजूही नीट बघा. वर्षानुवर्षं नुसत्या पाण्यावर चाललेल्या अशा लायनरला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते आरपार जातात.

घाटात तापलीच तर झाकणाला हात लावू नका. पाणी सांडत नसेल तर इंजिन लगेच बंदही करू नका. बाजूला घेऊन १२०० फेऱ्यांवर चालू ठेवा, फॅन आणि पंप फिरू द्या, बॉनेट उघडा. पाणी वाहून गेलं असेल तरच बंद करा. आणि तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतणं म्हणजे हेडला चीर पाडणं.

कागदपत्रांचंही बोलून ठेवतो, कारण इंजिन फिरायला लागल्यावर कोणी विचारत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे करता येत नाहीत, आणि इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत लेखी विचारा, इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून आलं तिची कागदपत्रं जपून ठेवा. आरसीवर एक इंजिन नंबर आणि ब्लॉकवर दुसरा असेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

दुरुस्तीनंतर तपासायला निवडाल तो घाट एकच ठेवा, दर वेळी वेगळा नको. कसारा असो, वरंध असो की ताम्हिणी. तोच रस्ता, शक्यतो तीच वेळ, तितकीच माणसं. एका वेळी एकच बदल करा आणि घाटमाथ्यावर वरच्या होजचं, खालच्या होजचं आणि हवेचं तापमान वहीत लिहा. काउल लावलं, तेव्हा किती. हवा काढली, तेव्हा किती. दोन बदल एकदम केले आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या मेमध्ये ती पुन्हा तापली तर शोध पहिल्यापासून करावा लागतो.